तांबोशी पाण्याखाली लाल नसते

पाण्याखाली लाल रंग सगळ्यात आधी जातो. पाच-सात मीटर खाली गेलं की लाल मळकट तपकिरी दिसायला लागतो, अजून खाली सरळ काळपट राखाडी, कारण उन्हातला लाल भाग पाणी वरच्यावरच शोषून घेतं आणि निळा तेवढा खोलवर जातो. हे डायव्हिंगच्या कोर्समधे एका ओळीत सांगून टाकतात, आपणही मान डोलावून पुढे जातो. मग अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर एका कपारीच्या तोंडाशी काळपट, जाडजूड, जरा मख्ख चेहऱ्याचा एक मासा जागच्या जागी उभा दिसला, आमच्या डाईव्हमास्टरनं त्याच्यावर टॉर्च मारला आणि तो एकदम लालेलाल झाला. अरे, ही तर तांबोशी! म्हणजे अगदी आपल्याकडची जात नसेल, पण कुळ तेच, जबडा तोच, आणि रंग तोच ज्याच्याकडे बघून आमच्या घरात तीन पिढ्या "आज ताजी आहे गो" असं म्हणत आल्यात. टॉर्च बाजूला गेला, परत काळी. लाल असणं हेच तिचं लपणं आहे, कारण खाली जिथं ती राहते तिथं लाल कुणाला दिसतच नाही. बाजारात पाटीवर ती जी झळकते ती मेल्यानंतर आणि उन्हात आणल्यानंतर.

आम्ही मूळचे मालवणकडचे, वाढलो डोंबिवलीत, आणि आमच्याकडे मासा कळतो असा सगळ्यांचा समज आहे. कल्ला उचलून बघायचा, डोळा बघायचा, बोटानं दाबून बघायचं, कोळणीनं सांगितलेला भाव ऐकून दोन पावलं पुढे जायचं आणि तिनं हाक मारली की परत यायचं. सुरमईची तुकडी कुठून कापायची, बांगड्याचं तिखलं कसं, मोरीला (म्हणजे छोट्या शार्कला) तिरफळं कशाला लागतात, यावर आमच्या घरात दोन तास वाद होऊ शकतो. पण या सगळ्यातला एकही मासा मी चाळिशीपर्यंत जिवंत बघितला नव्हता. म्हणजे पाटीत तडफडणारा बघितलाय, ते वेगळं. त्याच्या स्वतःच्या घरात, त्याच्या स्वतःच्या उद्योगात असलेला नव्हता बघितला. मासा दिवसभर काय करतो, असा प्रश्नच कधी पडला नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही पडला नसेल.

तर अंदमान. हॅवलॉकचं नाव २०१८ च्या डिसेंबरात स्वराज द्वीप झालं आणि शेजारच्या नीलचं शहीद द्वीप, पण बोटीच्या रांगेत अजून सगळे हॅवलॉक-नीलच म्हणतात. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून श्री विजयपुरम) बोटीनं दीड-दोन तास. बेटावरची वस्ती मुख्यतः बंगाली, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९५० च्या दशकात इथं जमिनी दिल्या, म्हणून गावांची नावं गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर अशी, आणि बीचना मात्र नंबर. तीन नंबरला बाजार, सात नंबरला ते जगप्रसिद्ध राधानगर. इथले डाईव्ह शिकवणारे बरेच जण कारेन समाजातले, ब्रह्मदेशातून इंग्रजांनी १९२५ च्या सुमारास ज्यांना मायाबंदरकडे आणून वसवलं त्यांची नातवंडं-पतवंडं. समुद्र यांना आपल्यापेक्षा चार पिढ्या आधीपासून कळतो. इथल्या दोन नावाजलेल्या डाईव्ह साईट, जॉनीज गॉर्ज आणि डिक्सन्स पिनॅकल, यांना अशाच स्थानिक डायव्हर्सची नावं आहेत, जे मला फार आवडलं, एरवी आपल्याकडे बेटांना साहेबांची नाहीतर पुढाऱ्यांची नावं असतात.

सुरुवात स्नॉर्कलिंगनं. एलिफंटा बीच म्हणून आहे (आपल्या घारापुरीशी काही संबंध नाही), तिथं लाईफ जॅकेट घालून, ट्यूबला धरून, गाईड आपल्याला ओढत नेतो आणि आपण तोंड पाण्यात घालून बघायचं. शेकडो लोक एकाच वेळी हेच करत असतात, कुणाच्या तरी लाथा आपल्या डोक्यात बसतात. तरीही सांगतो, पहिल्यांदा मास्कमधून खाली बघितल्यावर तोंडातून जो आवाज निघतो तो नळीतून वर सगळ्यांना ऐकू जातो आणि कुणीही हसत नाही. मला तिथं सगळ्यात आधी ऐकू आलं, दिसलं नंतर. करम् करम्. कुणीतरी खडीसाखर चावतंय असा आवाज, स्पष्ट. बघतो तर निळा-हिरवा पॅरटफिश, पोपटासारखी चोच असलेला, मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खात होता, आणि शेवाळाबरोबर दगडही. तो दगड त्याच्या घशातल्या दाढांमधे भरडला जातो आणि मागून बारीक पांढऱ्या धुरळ्याच्या रूपात बाहेर पडतो. ती वाळू. चेष्टा नाही, प्रवाळाच्या बेटांवरच्या पांढऱ्याशुभ्र वाळूचा बराच भाग असा तयार होतो, आणि मोठ्या जातीचा एक पॅरटफिश वर्षाला शेकडो किलो वाळू काढू शकतो. हनिमूनच्या फोटोत लोक ज्याच्यावर बदाम काढतात ते बऱ्याच ठिकाणी हे आहे. मी बायकोला हे लगेच सांगितलं, तिला फार आनंद झाला असं वाटलं नाही.

स्नॉर्कलिंगमधे आपण वरून बघतो, गच्चीतून गल्ली बघावी तसं नाही म्हणणार मी, पण वरून. डायव्हिंगमधे आपण त्यांच्या पातळीला जातो, हा खरा फरक. बाकी डायव्हिंगबद्दल जे गैरसमज आहेत ते एका दमात सांगून टाकतो. पाठीवरचा तो ऑक्सिजनचा सिलिंडर नसतो, त्यात साधी हवा असते, दाबून भरलेली. नुसता ट्राय डाईव्ह करायला पोहता यावं लागत नाही, इन्स्ट्रक्टर आपल्याला धरून असतो. पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ "मस्त" असा होत नाही, "वर चला" असा होतो, आणि आपली माणसं हौसेनं अंगठा दाखवतात आणि इन्स्ट्रक्टर त्यांना इमानदारीत वर घेऊन येतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कान दुखतात, कारण दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट झालेला असतो, तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलायची, दुखायच्या आधी. आणि श्वास कधीही, कधीही रोखायचा नाही, कारण वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. हा शेवटचा नियम सोपा वाटतो पण आपल्याला लहानपणापासून पाण्यात शिरताना श्वास धरायची सवय, ती मोडायला वेळ लागतो. एकदा का ती मोडली की मग नुसता स्वतःचा श्वास ऐकू येतो, खुर्र आत, बुडबुडे बाहेर, आणि त्याच्या मागे सतत एक बारीक तडतड. मला वाटलं माझ्या रेग्युलेटरचा, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायच्या यंत्राचा, काहीतरी प्रॉब्लेम आहे. ती कोळंबी होती.

या कोळंबीबद्दल जरा सविस्तर लिहिणार आहे, कंटाळा आला तर पुढच्या पॅरावर जा. स्नॅपिंग श्रिम्प म्हणतात तिला, बोटाच्या पेराएवढी, एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी. ती मोठी नांगी इतक्या वेगानं मिटते की पाण्यात पोकळ बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना ठाप्पकन आवाज येतो, त्या धक्क्यानं समोरचं भक्ष्य गारद होतं. अशा हजारो जणी एकदम चालू असल्या की रीफची, म्हणजे प्रवाळाच्या अख्ख्या खडकाची, तडतड होते. याच कोळंब्यांमधल्या काही जाती खुनशीपणापेक्षा बिळं खणण्यात जास्त रमतात. रीफ संपून जिथं वाळू सुरू होते तिथं आम्ही गुडघे न टेकता, वाळू न उडवता, जमेल तितकं स्थिर थांबलो होतो. वाळूत एक भोक, भोकाच्या तोंडाशी एक छोटा मासा, गोबी, बाहेर तोंड करून बसलेला. काही घडत नव्हतं. मग आतून ती कोळंबी आली, दोन्ही नांग्यांनी वाळूचा ढीग पुढे ढकलत, जेसीबीनं ढकलावा तसा, बाहेर टाकला आणि उलटी आत. परत आली, परत ढीग. दर खेपेला एक तुकडा शिंपल्याचा आणून दाराच्या कडेला रचत होती, भिंत ढासळू नये म्हणून. आणि बाहेर असताना पूर्ण वेळ तिची एक मिशी त्या गोबीच्या शेपटीवर टेकलेली. कारण हिला नीट दिसत नाही. खणता येतं पण दिसत नाही, आणि गोबीला दिसतं पण खणता येत नाही. डाईव्हमास्टरनं हात जरासा पुढे केला, गोबीची शेपटी अशी किंचित थरथरली, कोळंबी तत्क्षणी आत. हात अजून पुढे, गोबीही डोकं खाली घालून आत. थोड्या वेळानं आधी गोबी बाहेर आला, चौकशी केली, बसला. मग शेपटीला मिशी लावून ती. परत ढीग. या दोघांचं भांडण होत असेल का, रात्री दोघं आतच असतात आणि दारही बंद असतं तेव्हा काय चालत असेल, असले विचार मी टँकमधली महागडी हवा खर्च करून करत होतो. आमच्या बरोबरचे दोघं तोवर कंटाळून कासवामागे गेले.

कासव मलाही दिसलं. सगळ्यांना दिसतं, सगळे फोटो टाकतात, मीही टाकला.

पण ज्यानं मला खरा धक्का दिला तो गोब्रा. गोब्रा म्हणजे ग्रुपर, मुंबईकडे हेकरू म्हणतात, आणि आमच्या घरात त्याच्या डोक्याचं कालवण कुणाच्या वाटणीला येणार यावरून नाती ताणली गेलीत. इथं तो दीड-दोन हात लांब, ठिपक्यांचा, एका मोठ्या प्रवाळाच्या गड्ड्याजवळ आला, थांबला, जरासा तिरका झाला आणि तोंड उघडून बसला. त्याच्या त्या तोंडात, जिथं मी कायम फक्त चिंचेचा कोळ आणि हळद बघितली होती, एक निळ्या पट्ट्याचा करंगळीएवढा मासा सरळ आत शिरला. दातांमधून फिरला, कल्ल्यातून बाहेर आला, परत आत. क्लीनर रास. तो इतर माशांच्या अंगावरचे परजीवी, मेलेली कातडी खातो, त्याची जागा ठरलेली असते आणि गिऱ्हाइकं तिथं स्वतःहून येतात. गोब्र्यानं मनात आणलं असतं तर तोंड मिटायचं होतं फक्त. मिटलं नाही. मागे अजून दोन-तीन मासे आपला नंबर यायची वाट बघत तरंगत होते, रविवारी सकाळी आमच्या सलूनमधे बाकावर बसतात तसे, फक्त पेपर नव्हता हातात. नंतर वाचलं तर प्रकरण अजून मजेशीर निघालं. या रासला खरं तर परजीवींपेक्षा माशाच्या अंगावरचा चिकट थर जास्त आवडतो, म्हणजे काम सोडून गिऱ्हाइकाचाच चावा घ्यायचा मोह होतो, आणि तो कधीकधी घेतोही, पण बाकीची गिऱ्हाइकं बघत असली की जरा सभ्य वागतो. २०१९ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की आरशात दिसणारा ठिपका आपल्याच अंगावर आहे हे याला कळतं. करंगळीएवढा मासा. आणि याच्यासारखाच दिसणारा, असाच नाचत जवळ येणारा एक तोतया पण आहे, ब्लेनी जातीतला, तो जवळ येऊन लचका तोडून पळतो. म्हणजे गोब्र्याला रोज हा निर्णय घ्यायचा असतो, समोरचा खरा की खोटा. मला गोब्र्याबद्दल त्या दिवशी जे काही वाटलं त्याला आदर म्हणायला हरकत नाही.

गोब्र्याची अजून एक गोष्ट आहे जी मला आधी कळली असती तर आमच्या घरच्या सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशीच्या मेन्यूत फरक पडला असता. बहुतेक जातींचे गोब्रे जन्मतः मादी असतात आणि मोठे झाल्यावर त्यातले काही नर होतात. निमो म्हणून सगळ्या पोरांना माहीत असलेल्या क्लाऊनफिशचं बरोबर उलटं, तिथं सगळे आधी नर, ॲनिमोनमधे (फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यात) राहणाऱ्या घरातली सगळ्यात मोठी ती मादी, ती मेली की तिचा नवरा मादी होतो आणि खालच्या नंबरचा पोरगा नवरा. गाईड हे सांगतात तेव्हा बोटीवर हमखास एखादा काका खोकतो. पण विषय गंभीर आहे, कारण आपण मासे घेताना मोठा बघून घेतो. मोठा गोब्रा मारला की नर गेला, आणि छोटा मारला तर एकदाही अंडी न घालता मादी गेली. त्यातून हे मासे विणीच्या वेळी ठरावीक जागी गोळा होतात, ती जागा एकदा मासेमाराला सापडली की संपलं. अंदमानातून गोब्रा निर्यातीसाठीही पकडला जातो. तेव्हा बांगड्यासारखा लवकर वाढणारा, भराभर वीण घालणारा मासा खाणं आणि रीफवर वर्षानुवर्षं एकाच कपारीत राहणारा मासा खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्या हिशेबात मात्र दोन्ही "मासे" याच खात्यात जमा. मी मासे सोडलेले नाहीत आणि सोडणारही नाही, उगाच कुणी टाळ्या वाजवू नका. मोरी सोडली. ऑक्टोपस कधी खात नव्हतोच, आता तर प्रश्नच नाही, एका दगडाचा माझ्यासमोर डोळा उघडला आणि तो दगड रंग बदलत निघून गेला, त्याला तीन हृदयं असतात, रक्त निळं असतं आणि ज्याला स्वतःला रंग ओळखता येत नाहीत असं शास्त्रज्ञ मानतात तो आजूबाजूचा रंग हुबेहूब अंगावर आणतो. असल्याला तळून कसं खायचं.

आता जे बोलायला नको वाटतं ते. प्रवाळ म्हणजे दगड नाही, झाडही नाही, प्राणी आहे, एवढं आता बऱ्याच जणांना माहीत असतं. एकेक प्राणी, पॉलिप, टाचणीच्या डोक्याएवढा किंवा थोडा मोठा, खाली चुन्याचं घर बांधत जाणारा, आणि त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं जे उन्हावर अन्न तयार करून याला देतं, रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद डिग्री जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की हे शैवाल प्रवाळाच्या अंगातून बाहेर पडतं, खालचा पांढरा चुना दिसायला लागतो. ब्लीचिंग. लगेच मरत नाही, पाणी वेळेत थंड झालं तर सावरतो, नाहीतर उपाशी मरतो आणि मग त्यावर शेवाळ चढतं. १९९८ ला झालं, अंदमानात २०१० ला फार वाईट झालं, २०१६ ला परत, आणि २०२४ च्या एप्रिलमधे जाहीर झालं की जगभरात चौथ्यांदा एकाच वेळी हे चालू आहे. लक्षद्वीपमधे अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथं संशोधक १९९८ पासून सलग मोजतायत, चोवीस वर्षांत तिथला जिवंत प्रवाळ जवळजवळ निम्मा झालाय. आकडा वाचताना काही होत नाही. नीलला एका जागी आम्ही फांद्याफांद्यांच्या प्रवाळाच्या मैदानावरून गेलो, पार लांबपर्यंत पसरलेलं, सगळं तुकडे होऊन पडलेलं, शेवाळी रंगाचं, मधेच एखादा जिवंत झुपका निळ्या टोकांचा, त्याच्यात पाच-पंचवीस चिमुकले मासे दाटीवाटीनं, कारण आसपास तेवढंच घर उरलेलं. डाईव्हमास्टरनं खाली काही दाखवलं नाही. वर आल्यावर म्हणाला, मी शिकलो तेव्हा इथंच शिकलो, तेव्हा इथं फिन मारायला जागा नसायची. मग त्यानं मास्क धुवायला घेतला.

जाड गोल गड्ड्यांचे प्रवाळ, पोराइट्स, जास्त चिवट निघाले म्हणतात. हे वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतात, म्हणजे छातीएवढा उंच गड्डा शिवकालातला नाही, पेशवाईतलाही नाही, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रुजलेला असू शकतो. त्यावर ख्रिसमस ट्री वर्म नावाचे किडे राहतात, नखाएवढी रंगीत झाडं, निळी, पिवळी, केशरी. अगदी जवळ गेलं, आपली सावली पडली की फट् करून सगळी आत, झाकण बंद. सावली काढली की एकेक करून, अतिशय सावकाश, बाहेर. हे मी बराच वेळ करत बसलो असतो, पण सारखा त्रास देणं बरं नाही, त्यांचं तेवढा वेळ जेवण थांबतं.

एक प्रश्न मला सारखा पडत होता. अंदमानात पाणी इतकं स्वच्छ, वीस-पंचवीस मीटरपर्यंत दिसतंय, आणि आपल्या कोकणात हात पुढे केला तर हात दिसत नाही, तरी मासा तर आपल्याकडे ढिगानं मिळतो, असं कसं? उत्तर असं की पाणी स्वच्छ असतं कारण त्यात काही नसतं. उष्ण कटिबंधातलं ते निळंशार पाणी खत नसलेली जमीन आहे, प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) कमी, पोषक द्रव्यं कमी, म्हणून आरपार दिसतं. रीफ त्यात टिकतं ते काटकसरीवर, प्रवाळाच्या अंगातलं शैवाल त्याचाच कचरा वापरतं, एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण, काहीही वाया जात नाही. आपल्या किनाऱ्याला पावसाळ्यात खालचं थंड, सकस पाणी वर येतं, नद्यांचा गाळ येतो, प्लँक्टन माजतं, पाणी हिरवट गढूळ होतं आणि त्यावर तारली-बांगड्यांचे थवे पोसतात. ज्या गढूळपणाला आपण टुरिस्ट म्हणून नाकं मुरडतो तोच आपलं ताट भरतो. हे कळल्यावर मालवणच्या पाण्याकडे बघण्याची माझी नजर बदलली, आणि पुढच्या डिसेंबरात आम्ही मालवणला गेलो.

मालवणात स्कूबा म्हटलं की काय होतं हे तुम्हाला माहीत असेल. पॅकेज असतं, त्यात बनाना राईड, पॅरासेलिंग, आणि मधे स्कूबा, फोटो-व्हिडिओसकट. बऱ्याच बोटींवर ब्रेडचा पुडा तयार असतो, पाण्यात ब्रेड सोडला की पट्टेवाले मासे झुंबड करतात, त्यात आपलं तोंड घालून फोटो. ब्रेड माशाचं अन्न नाही हे कुणीतरी बोललं पाहिजे. शेवाळ खरवडणाऱ्याला ब्रेडची सवय लागली की शेवाळ कोण खाणार, आणि प्रवाळावर तेच चढतं. या समुद्राला १९८७ पासून अभयारण्याचा दर्जा आहे, साधारण २९ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ला त्यातच येतो, आणि मच्छीमारांचा त्याला विरोध आहे तोही तेव्हापासूनचा, आणि तो मला निव्वळ अडाणीपणा वाटत नाही. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्याच्या पोटावर आधी मोठ्या जाळ्यानं अख्खा थवा घेरणारे पर्ससीनवाले आले, मग उजेडानं मासा गोळा करणारे एलईडी लाईटवाले आले, आणि पाटी लावून नियम मात्र पहिल्यांदा त्यालाच सांगितले जातात. उलट जिथं त्याला सोबत घेतलं तिथं काम झालेलं दिसतं. २०१८ पासून राज्यात योजना आहे, जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क अडकला तर जाळं कापून सोडा, नुकसानीपोटी पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळेल. लोक सोडतात.

आम्ही पॅकेज नाकारलं, ज्याचं आधी रापणीवर आयुष्य गेलं आणि आता मुलाबरोबर डायव्हिंगची बोट चालवतो असा एक जण गाठला. "आज पाणी साफ नाय हा," तो आधीच म्हणाला, "पण गावतला कायतरी." तीनेक मीटर दिसत होतं, त्याच्या पलीकडे हिरवं. पण लांबचं दिसत नाही म्हटल्यावर नजर आपोआप खडकावर येते, आणि खडक भरलेला होता. सी स्लगसारखा एक नखाएवढा जीव, जांभळ्या कडेचा, पाठीवर कल्ल्यांचा तुरा. बार्नॅकल्स, खडकाला चिकटलेले कवचाचे जीव, आपले पंखे आतबाहेर करत होते. गोल प्रवाळ होता, अंदमानातला तोच पोराइट्स, फक्त मुठीएवढा, गाळात उभा राहून जगणारा, आणि मला वाटतं स्वच्छ पाण्यातल्या त्याच्या भावांपेक्षा हा जास्त कष्टाचा. याहून लांब, विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटरवर खोल समुद्रात आंग्रिया बँक म्हणून बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, त्याचा माथा वीसेक मीटरवर आणि त्यावर प्रवाळाची मोठी वस्ती. तिथं साध्या माणसाला सहज जाता येत नाही, बरंच आहे.

एका कपारीखाली नाखव्यानं बोट दाखवलं. गोब्रा. छोटा, हातभर पण नाही, आमच्याकडे बघत. वर आल्यावर मी विचारलं, कधीपासून आहे हा? "दोन वर्सा झाली. थंयच असता." पकडला नाहीत? तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी त्याला दुकान पेटवलं का नाही विचारतोय. "त्येका बघूक मानसा पैशे देतत," तो म्हणाला, आणि मुलाला नांगर ओढायला सांगितला.

दुपारी खानावळीत पाटीवर खडूनं लिहिलेलं, सुरमई, बांगडा, आणि खाली गोब्रा. बायको म्हणाली, घ्यायचा का? मी म्हटलं, किती मोठा होता ते विचारावं लागेल, लहान असेल तर मादी, मोठा असेल तर नर. पोऱ्याला बोलावून विचारलं, गोब्रा अख्खा केवढा होता रे? तो आत गेला, मालकाला विचारून आला. "साहेबानू, अख्खो नाय मिळाचो, तुकडी व्हयी काय?" मी बांगडा सांगितला. दोन थाळ्या, सोलकढी जास्त.